खुंटीवरचा शर्ट

फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला इंटर्नशिप सक्तीची होती आणि ती ज्याची त्याने शोधायची, असा आमच्या कॉलेजचा नियम होता. ज्यांच्या मावश्या मुंबईत बुटिक चालवत होत्या त्यांना या नियमात काहीच जड वाटलं नाही. माझे काका देऊळगाव राजाच्या बाजारात कांदे-लसूण विकायचे. त्यामुळे माझी जरा अडचण झाली.

औरंगाबादच्या हॉस्टेलात मी आणि माझी रूममेट रोज संध्याकाळी मेल पाठवायला बसायचो. ती नांदेडच्या कापड दुकानदाराची मुलगी, इंग्रजी शाळेत शिकलेली. माझी प्रत्येक मेल ‘रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम, आय ॲम व्हेरी हार्डवर्किंग’ अशी सुरू व्हायची. ती ते खोडायची. म्हणायची, “अगं, तू धुणीभांडी मागायला चाललीस का?” मग ती त्या जागी ‘पॅशनेट’ लिहायची. पॅशनेट होऊनही कुणाचं उत्तर यायचं नाही. एका स्टुडिओने विचारलं, मुंबईत राहायची सोय आहे का. दुसऱ्याने विचारलं, इन्स्टाग्रामवर किती लोक आहेत तुझ्या मागे. माझ्या मागे तेव्हा वर्गातल्या मुली, दोन मामेभाऊ आणि एक ट्रॅक्टरचं शोरूम होतं.

एकदा हिंमत करून फोन लावला. “मॅडम, मी इंटर्नशिपसाठी बोलून राह्यले,” एवढंच म्हटलं. पलीकडच्या मुलीने शेजारच्या कुणाला तरी माझंच वाक्य माझ्याच हेलात म्हणून दाखवलं. दोघी हसल्या. मी फोन ठेवला आणि दिवसभर कुणाशी बोलले नाही. मला राग पटकन येतो आणि बराच वेळ टिकतो, हे घरचं आहे.

इंटर्नशिप नाही तर डिप्लोमा नाही, हे स्पष्ट होतं. डिप्लोमा नाही म्हणजे घरी परत. घरी मामा स्थळं काढून बसलेच होते. आईने मला सगळ्यांच्या विरोधात जाऊन औरंगाबादला धाडलं होतं, त्यामुळे हरले असते तर आम्ही दोघी हरलो असतो.

आमच्या एक शिक्षिका होत्या, बोलायला तिखट. त्यांनी माझा पोर्टफोलिओ चाळला आणि म्हणाल्या, “पैठणीचा मोर सगळ्यांकडेच आहे. तुझ्या घरी काय आहे?” मी म्हटलं, “कपाशी.” त्या म्हणाल्या, “मग तिचे फोटो आण. तिच्यातून रंग काढ.”

पोळ्याच्या सुट्टीत मी गावी गेले. आमचं गाव देऊळगाव राजाहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे आणि वावर रस्त्यावरूनच दिसतं. त्या दिवसांत कपाशीला पात्या म्हणजे कळ्या आणि फुलं लागलेली असतात. फूल पहिल्या दिवशी पिवळसर, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. मी मोबाइलवर खूप फोटो काढले. मला वाटलं, चला, रंगांचा तक्ता तर झाला.

हॉस्टेलात रूममेटने ते लॅपटॉपवर पाहिले. एक, दोन, तीन. मग तिने विचारलं, “हे काका कोण? प्रत्येक फोटोत उभे आहेत.”

मी वाकून पाहिलं. फुलांच्या मागे, पानांच्या फटीतून, कुठे कोपऱ्यात, कुठे बरोबर मध्ये, विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली कुणीतरी उभं होतं. खांदे होते, दोन हात होते. डोकं सावलीत गेलेलं. मी फोटो काढताना एकदाही तिकडे मोबाइल धरला नव्हता. उलट मी ते टाळत होते.

“काका नाहीत,” मी म्हटलं. “शर्ट आहे. माझ्या बाबांचा.”

आमच्याकडे शर्टाची एक ठरलेली वाट असते. नवा असतो तेव्हा लग्नाकार्याला, मग बाजाराला, मग वावरात आणि अगदीच विरला की फवारणीला. फवारणीच्या पुढे त्याला कुठे जायचं नसतं. बाबांचा हा शर्ट पांढरा, सुती, पूर्ण बाह्यांचा होता. काकांच्या लग्नात आहेरात आलेल्या कापडाचा शिवलेला. फवारणीचा शर्ट घरात आणायचा नाही, घरच्या कपड्यांत धुवायचा नाही, हा बाबांचा नियम होता. त्यांनी लिंबाच्या खोडात एक खुंटी ठोकली होती. फवारणी झाली की विहिरीवर अंगावर पाणी घ्यायचं, शर्ट खुंटीला लावायचा, दुसरे कपडे घालून घरी यायचं. पावसाने काय धुतला जाईल तो जाईल.

घरी आल्यावरही ते दारातल्या पाण्याच्या टाक्यापाशी पुन्हा साबण लावून आंघोळ करायचे. मी लहान होते, टॉवेल घेऊन पळत जायचे. ते लांबूनच ओरडायचे, “दूर राह्य!” एरवी आवाज न चढवणारा माणूस, पण तेवढं एक वाक्य असं यायचं की माझे पाय जागच्या जागी थांबायचे. आंघोळ झाली की मग तेच मला जवळ घ्यायचे.

मी शाळेत जायला लागले त्या सुमाराला बीटीचं बियाणं आलं. जीपवर भोंगा लावून माणसं गावोगाव फिरली, की आता अळी पान खाल्लं की मरेल, फवारणीचं काम संपलं. बाबांनी पंप माळ्यावर टाकला. त्यांचा हात फवारणीत चांगला होता, शेजारपाजारचे लोक त्यांना बोलवायचे, म्हणून ते चेष्टेने म्हणायचे, “माह्यी नोकरी गेली आता.” काही वर्षं खरंच गेली. मग मावा आला, तुडतुडे आले आणि शेवटी ती मरणारी अळी, गुलाबी होऊन, बोंडाच्या आत जाऊन बसली. पंप माळ्यावरून खाली आला. तोवर कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर वाढायला लागली होती. फवारा वर धरायचा आणि वारा तो परत अंगावर आणायचा. वरून पंपाचं झाकण गळकं. औषध पाठीवरून ओघळत कमरेपर्यंत यायचं.

मी बारावीला होते तेव्हा ते गेले. संध्याकाळी घरी आले, टाक्यापाशी बसले आणि म्हणाले, “धुकं पडलं का वो?” आभाळ मोकळं होतं. मग उलट्या सुरू झाल्या. जीपने जालन्याला नेलं. दवाखान्यात पहिला प्रश्न आईला विचारला गेला, “काय प्यायले?” आई म्हणाली, “पेले नाई. फवारून राह्यले व्हते.” विचारणाऱ्याने मान हलवली, आपल्याला कळलंय अशी. त्या वर्षांत आमच्या भागात वावरातून आलेला माणूस दगावला की लोकांना एकच कारण ठाऊक होतं.

बाबांना घरी आणल्यावरही तेच. बसायला आलेल्या बाया तोंडावर पदर धरून तेच बोलायच्या. तिसऱ्या दिवशी माझ्या आत्यानेच आईला बाजूला घेऊन विचारलं, “खरं सांग वहिनी, पेला ना माहा भाऊ?” आईने आत्याचा दंड धरला आणि तिला तशीच वावरात घेऊन गेली. मी मागे मागे गेले. बाबांनी शेवटच्या दिवशीही नियम मोडला नव्हता. शर्ट खुंटीला होता. त्याची सबंध पाठ हिरवी-निळी झालेली होती. आई म्हणाली, “पाह्य. पेनाऱ्याची पाठ वली होते का?”

आत्या तिथेच खाली बसून रडली. पुढे रीतीप्रमाणे बाबांचे बाकीचे कपडे वाटले गेले, पण खुंटीला कुणी हात लावला नाही. कुणी विचारलं तर आई म्हणायची, “राहू द्या. डुकरं येत नाईत मानसाच्या वासानं.” रानडुकरं आमच्याकडे मका आडवा करतात हे खरंच आहे, लोक वावराभोवती जुनी लुगडी बांधतातच. पण शर्ट कशासाठी आहे ते मला ठाऊक होतं. तिला साक्षीदार हवा होता. मला मात्र तो नको होता. बसमधून उतरले की नजर आधी तिकडे जायची आणि दरवेळी काळजात धस्स व्हायचं, बाबा उभे आहेत. माहीत असून व्हायचं. चार पावलं पुढे गेलं की तो शर्ट व्हायचा, आणि त्या चार पावलांची मला इतकी भीती वाटायची की कधी कधी मी डोळे खाली घालून चालायचे.

हे सगळं मी रूममेटला सांगितलं नाही. “बाबांचा आहे,” एवढंच. ती तोवर फोटो मोठा करून पाहत होती. “ए, काय सुंदर आहे हे!” ती म्हणाली. आणि मी पहिल्यांदा तो शर्ट कापड म्हणून पाहिला. खांद्यांवरून खाली येणारे दोन पांढुरके पट्टे, पंपाच्या पट्ट्यांनी झाकलेली ती जागा. त्यांच्यामध्ये हिरव्यातून निळ्यात, निळ्यातून गंजाच्या रंगात उतरणारे ओघळ. उजवी बाही मनगटापाशी पिवळीजर्द. रंगाच्या वर्गात आम्ही महिनाभर असं काही करायचा प्रयत्न करत होतो आणि कुणाला जमत नव्हतं. सुंदर होतंच ते. मला स्वतःची किळस आली, पण ते सुंदर होतं.

रूममेटने तो फोटो पोर्टफोलिओच्या शेवटच्या पानावर टाकला आणि खाली लिहिलं, ‘सुती शर्ट, हाताने केलेली रंगप्रक्रिया’. मी पुसलं नाही. त्याच आठवड्यात पुण्याच्या एका स्टुडिओचं उत्तर आलं. बाकी कामाबद्दल एक शब्द नाही. शेवटच्या पानावरचा शर्ट घेऊन भेटायला या, असं होतं.

शर्ट आणायला गावी गेले तेव्हा आई विहिरीवर हातपाय धूत होती. पंप बाजूला ठेवलेला, ओला. मी विचारलं, कोण फवारतंय सध्या? “लावलाय गडी. आताच गेला,” ती म्हणाली. मी माझं काम सांगितलं.

“तुले कायले पाह्यजे तो?”

“दाखवायला. त्यावर मला इंटर्नशिप मिळंल.”

“अन् डुकरानं मका आडवा केला, तं तुही मॅडम येनार हाय का राखनीले?” मग ती बराच वेळ लिंबाकडे पाहत बसली. मला वाटलं, नाही म्हणेल. खरं सांगायचं तर तिने नाही म्हणावं असं मला वाटत होतं. पण ती उठली, काठीच्या टोकाने शर्ट खुंटीवरून उचलला, खताच्या रिकाम्या पोत्यात सोडला आणि पोत्याचं तोंड सुतळीने आवळलं. “पुन्हा पोतं उघडलं तं हात धुजो,” म्हणाली. “आन् वापस आनजो.”

खुंटी रिकामी दिसायला लागली. आईला ते बरं वाटेना. पहिल्या वर्षाला मी कॉलेजात एक शर्ट शिवला होता, स्वतःच्याच मापाचा, सरावासाठी. कॉलर वाकडी झाली म्हणून घरी टाकून दिलेला. “तो लावीन मी इथं,” ती म्हणाली. “डुकराले काय समजते?”

पुण्याच्या गाडीत पोतं मी पायांशी धरलं होतं. चिखलीकडचे एक आजोबा शेजारी होते. त्यांनी दोनदा नाक ओढलं आणि विचारलं, “पोरी, औषध हाय का पोत्यात?” मी म्हटलं, नाही, कपडे आहेत. पुढे जागा रिकामी होताच ते उठून गेले. बाबांनी पुणे कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांना पायांशी ठेवून पुण्याला नेते आहे, हा विचार एकदा डोक्यात आला तो सबंध वाट गेला नाही. त्या गाडीची एक खिडकी सैल होती, ती खट्-खट् वाजायची, आणि मला बाबांच्या पंपाचा दांडा वर-खाली होताना ऐकू यायचा.

स्टुडिओ एका जुन्या बंगल्यात होता. मॅडम चाळिशीच्या, साध्या सुती साडीतल्या. त्यांच्याबद्दल वाईट लिहायला मला काही सापडत नाही. त्यांनी मला चहा दिला, माझ्या बोलण्याला हसल्या नाहीत. मोठ्या टेबलावर मी पोत्याची सुतळी सोडली आणि पोतं उलटं करून शर्ट खाली सोडला.

मॅडम टेबलावर वाकल्या. मी काही बोलणार, तर हात वर करून म्हणाल्या, “थांब. आधी मला बघू दे. मग सांग.” टेबलाभोवती त्या फिरल्या. मदतनीस मुली आल्या. पट्ट्यांकडे बोट करून त्या मुलींना म्हणाल्या, “बघा, कुठे थांबायचं ते हिला कळलंय.” मग माझ्याकडे वळल्या. “असे आणखी सहा करता येतील? आमचा हिवाळ्यातला शो आहे. हे त्याच्या मध्यभागी ठेवता येईल.” आणि बोलता बोलता त्यांनी शर्टाची कॉलर उचलली. कापडाचा पोत पाहायला आम्ही सगळेच करतो तशी, गालाला लावायला.

“दूर राह्य!”

माझाच आवाज होता तो, असं बाकीच्यांनी नंतर सांगितलं. मला तसं वाटलं नाही. मी टाक्यापाशी ऐकला होता तोच होता. मॅडमच्या हातातून कॉलर सुटली. मुली भिंतीला टेकल्या. मग मी सगळं सांगितलं, पंप, गळकं झाकण, दवाखाना, आत्या. सांगताना माझा हेल पूर्ण गावचा झाला होता आणि मला त्याची पर्वा नव्हती.

मॅडम आत गेल्या. नळाचा आवाज बराच वेळ येत होता. परत आल्या तेव्हा डोळे लाल होते. म्हणाल्या, “मला माहीत नव्हतं.” मग, अगदी हळू, “आपण हे साध्या, निर्धोक रंगांत करू शकतो. तू डागांचा माग काढून घे, आपण तो छापू. लोकांनी हे पाहायला हवं. तुझी जागा पक्की समज.” जे मी महिनोन् महिने मागत होते ते समोर होतं. त्यांचं यात काय चुकत होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मी म्हटलं, “घरी विचारून सांगते.” शर्टाचं घरी काय विचारायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, पण त्या हो म्हणाल्या.

औरंगाबादला न थांबता मी तशीच गावी गेले. उतरले तेव्हा ऊन कललं होतं. सवयीने नजर लिंबाकडे गेली. खुंटी रिकामी होती. पहिल्यांदाच तिथे कुणी उभं नव्हतं, आणि मला हायसं वाटलं नाही. मग खट्-खट् ऐकू आलं. गाडी तर निघून गेली होती. कपाशीच्या ओळींत, पानांच्या फटींतून, नुसते खांदे चालताना दिसत होते. शर्ट होता. कॉलर वाकडी होती.

मी पोतं टाकून धावले. ओळीच्या तोंडाशी पोहोचले आणि आतून हाक आली, “दूर राह्य! अंगाले लागंल!”

आई बाहेर आली. लुगड्यावर माझा शर्ट, पाठीवर पंप, तोंडाला फडकं. कोणताही गडी कधीच नव्हता. बाबांच्या नंतर आमच्या वावरात फवारायला कुणी येत नव्हतं, आणि हे तिने मला कळू दिलं नव्हतं. ती कसनुशी हसली आणि विषय बदलायला म्हणाली, “लागली का वो तुही इंटरशिप?”

मला रडूही येत होतं आणि रागही. मी ओरडूनच म्हटलं, “त्यांना असे आणखी सहा पाहिजेत!”

तिने वळून आपल्या खांद्याकडे पाहिलं. ओघळ पाठीवरून खाली आले होते, पट्ट्यांखालची जागा कोरडी होती. ती खरंच विचार करत होती, मला कशी मदत करता येईल याचा. “सहा तं नाई व्हनार माय,” ती म्हणाली. “पन हा एक दिवाळीपस्तोर होऊन जाईन.”

मी पुढे गेले आणि पंप तिच्या पाठीवरून उतरवून घेतला. पुण्याला ‘जमणार नाही’ असं कळवलं. बाबांचा शर्ट पुन्हा खुंटीला गेला, आणि माझा डिप्लोमा एका वर्षाने लांबला. त्या हंगामातल्या राहिलेल्या फवारण्या मी केल्या. गळक्या झाकणाला नवं वॉशर बसवलं, तोंडाला फडकं बांधलं आणि आईच्या अंगावरून काढलेला तो शर्ट घातला. माझ्याच मापाने शिवलेला होता, मला बरोबर बसला.